प्लास्टिकपासून तेल निघेल, पण पिशव्या वेचणाऱ्या हातांना काय मिळेल?

‘एक टन प्लास्टिक टाका, आठशे लिटर डिझेल काढा.’ अशा अर्थाचे व्हिडिओ आणि जाहिराती गेली काही वर्षे गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत आहेत. मुळशी तालुक्यात तर त्या विशेष आवडीने पाहिल्या जातात. त्याचे कारण उघड आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे आयटी पार्कमुळे शहरासारखी वाढली, पण कचऱ्याची व्यवस्था राहिली ग्रामपंचायतीची. पिरंगुट, उरवडे पट्ट्यात कारखाने आले. ताम्हिणी आणि मुळशी धरणाकडे पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. माणसे परत जातात, बाटल्या आणि पिशव्या इथेच राहतात. उरलेले ओढ्यातून मुळेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनीत जाते. अशा वेळी कोणी ‘हे सगळे प्लास्टिक आम्ही घेतो, त्याचे तेल करतो, गावाला पैसे देतो’ असे म्हटले, तर सरपंचांना ते देवदूतच वाटतील.

आम्ही तालुक्यात कचरा वेचणाऱ्या आणि घंटागाडीवर काम करणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करतो. या तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. पण या जाहिरातीत एक गोष्ट दिसत नाही. भट्टी दिसते, चकचकीत टाकी दिसते, नळातून पडणारे पिवळसर तेल दिसते. भट्टीपर्यंत ते प्लास्टिक कोणी आणले, कोणी निवडले, कोणी धुतले, हे दिसत नाही. आमच्या समाजाने नेमके तिथेच पाहिले पाहिजे.

तंत्रज्ञान खरे आहे

आधी विज्ञान समजून घेऊ, म्हणजे अंधविश्वासही नको आणि अंधविरोधही नको.

पिशवीतले पॉलिथिन किंवा डब्यातले पॉलिप्रॉपिलिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या अतिशय लांब साखळ्या. पेट्रोल, डिझेलही कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्या, फक्त खूप आखूड. प्लास्टिक हवेशिवाय बंद भांड्यात साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ते जळत नाही, त्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यांची वाफ होते. वाफ थंड केली की तेल मिळते, जी थंड होत नाही तो वायू राहतो आणि तळाशी काजळीसारखा कोळसा उरतो. याला पायरोलिसिस म्हणतात.

नुसत्या उष्णतेने साखळी कुठेही तुटते. त्यामुळे मेण, जड तेल, हलके तेल, वायू असे सगळे एकत्र मिळते. इथे उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, कामाला येतो. झिओलाइट नावाच्या पदार्थात ठरावीक मापाची अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांच्या संपर्कात साखळ्या कमी तापमानाला आणि बऱ्याच अंशी ठरावीक लांबीच्या तुटतात, तेल पेट्रोल-डिझेलच्या जवळचे होते. मजेची गोष्ट अशी की पॉलिथिन स्वस्तात आणि साध्या दाबाखाली तयार होऊ लागले तेही उत्प्रेरकामुळेच. १९५३ च्या सुमारास जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी तो शोधला आणि १९६३ मध्ये इटलीच्या जुलिओ नाट्टा यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. साखळी जोडली उत्प्रेरकाने, आता तोडायलाही तोच हवा.

हे ज्ञान आपल्या दारातही आहे. मुळशीहून पुण्यात जाताना पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक पेट्रोरसायन उद्योगासाठी विकसित केला होता. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये रोज एक टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल काढण्याचा प्रकल्प सुरू केला. जाहिरातीतला आकडा तिथूनच आलेला असावा. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र’ने घराघरांतून गोळा केलेल्या प्लास्टिकचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने इंधन करण्याचा प्रकल्प जेजुरीजवळ उभारला. म्हणजे पुणे जिल्ह्याला हे नवे नाही.

परदेशातल्या प्रयोगशाळा आणखी पुढे गेल्या आहेत. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या गटाने प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने २८० अंशांच्या आसपास पॉलिथिनपासून साबण-डिटर्जंटच्या उद्योगाला लागणारी मूळ रसायने मिळवून दाखवली. २०२४ मध्ये बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी टंगस्टन आणि सोडियम यांसारख्या स्वस्त धातूंच्या उत्प्रेरकांनी पिशव्यांचे पुन्हा प्लास्टिक बनवायला लागणाऱ्या वायूंत रूपांतर केले. तेल जाळून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. पण प्रयोगशाळेतला काही ग्रॅमचा प्रयोग आणि मुळशीतला टेम्पोभर ओला कचरा यांत अंतर आहे.

यंत्राचे सोवळे कोण सांभाळणार?

ते अंतर कशाचे आहे? भेसळीचे. उत्प्रेरक मोठा सोवळा असतो. त्याला सगळे चालत नाही.

पाइप, केबल आणि काही रेक्झिनमध्ये पीव्हीसी असते. त्यात क्लोरीन असतो. तो तापला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, यंत्राचे लोखंड खाते, उत्प्रेरक खराब करते आणि तेलही. पाण्याच्या बाटलीच्या पेट प्लास्टिकमध्ये ऑक्सिजन असतो, त्यातून मेणचट आम्ले होतात आणि नळ्या तुंबतात. वेफर्सच्या आणि गुटख्याच्या पुड्यांत प्लास्टिकला अॅल्युमिनियम किंवा दुसरे थर चिकटवलेले असतात. खरकटे, माती, ओल आली तर निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते. उत्प्रेरकाच्या छिद्रांत काजळी साचली की तो बंद पडतो, मग त्याला पुन्हा भाजून शुद्ध करावे लागते.

म्हणजे भट्टीला हवे असते कोरडे, स्वच्छ, एकाच जातीचे प्लास्टिक. आणि गावातून येतो तो डाळभाताचे खरकटे, डायपर, सॅनिटरी पॅड, औषधाच्या बाटल्या आणि पिशव्या यांचा एकत्र ढीग. या दोघांच्या मधे जे काम आहे, ते करणारे यंत्र अजून स्वस्तात मिळत नाही. ते काम माणसे करतात. कोणती माणसे, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना सांगायला नको.

पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हेही माहीत आहे की तिच्या सभासदांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. १९९३ मध्ये ही संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायांना ओळख मिळाली. पण तो करार महापालिकेच्या हद्दीपुरता. मुळशीतल्या ग्रामपंचायतींत काम ठेकेदाराच्या हाताखाली चालते. आम्हाला भेटणाऱ्या अनेक बाया मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेल्या आहेत. काही इथल्याच वाड्यांतल्या आहेत. कोणाकडे हातमोजे आहेत, कोणाकडे नाहीत. ओळखपत्र बहुतेकींकडे नाही.

मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले होते. घाण उपसण्याचे काम जन्माने ठरते आणि त्या कामाची किंमतही जन्माने ठरते, ही त्यामागची व्यवस्था त्यांनी उघडी पाडली. ढोरे गेली, प्लास्टिक आले. ते वेचणारे हात मात्र फारसे बदलले नाहीत. म्हणून ‘हरित तंत्रज्ञान’ या शब्दाने हुरळून जाण्याआधी आपण विचारले पाहिजे की यंत्राचे सोवळे सांभाळण्याचे काम पुन्हा आपल्याच वाट्याला, आणि तेही फुकटात, येणार का?

एका लिटरमागे अडीचशे पिशव्या

साधा हिशेब करून पाहू. एक पातळ पिशवी पाच ग्रॅमची धरली, तर एक टन म्हणजे दोन लाख पिशव्या. त्यातून जाहिरातीप्रमाणे ८०० लिटर तेल निघाले, तर एका लिटरमागे अडीचशे पिशव्या झाल्या. प्रत्येक पिशवी कोणीतरी वाकून उचलली, झटकली, वाळवली आणि पीव्हीसीपासून वेगळी केली.

आता बाजार पाहा. भंगारवाला बाटली घेतो, कडक डबा घेतो, दुधाची पिशवी घेतो. पातळ, मळक्या पिशवीला भाव नाही, म्हणून ती मागे राहते आणि जाळली जाते. तेलाच्या भट्टीला खरे तर हीच पिशवी हवी. म्हणजे भट्टी आली तर वेचणाऱ्या बाईला आजवर ज्याचे काही मिळत नव्हते त्याचे पैसे मिळू शकतात. ही या तंत्रज्ञानाची खरी ताकद आहे आणि आम्ही ती नाकारत नाही.

पण भट्टीच्या मालकाला रोज ठरावीक वजनाचा माल लागतो. पातळ पिशव्या पुरेशा मिळाल्या नाहीत की तो चांगले डबे आणि दुधाच्या पिशव्याही ओढू लागतो, कारण त्यांतून तेल अधिक चांगले निघते. तोच माल विकून बाईची चूल पेटत असते. ग्रामपंचायतीने ‘गावातले सर्व प्लास्टिक’ एका कंपनीला करार करून दिले, तर तिने काल भंगारात विकलेला डबा उद्या चोरीचा ठरू शकतो.

ज्याच्या नावावर प्रमाणपत्र, त्याचा पैसा

यात आणखी एक पदर आहे, तो गावात फारसा कोणाला ठाऊक नसतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक कचरा नियमांत बदल करून ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ची सविस्तर चौकट आणली. साबण, बिस्किटे, पाणी विकणाऱ्या कंपन्यांनी जितके प्लास्टिक बाजारात आणले, त्या प्रमाणात त्याची विल्हेवाट लावल्याचा पुरावा द्यायचा. हा पुरावा म्हणजे नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राने दिलेले प्रमाणपत्र. कंपन्या ते विकत घेतात. म्हणजे भट्टीवाल्याला तेलाचे पैसे मिळतात आणि प्रमाणपत्राचेही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या केंद्रांनी काढलेली सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली, यावरून या कागदाला किती मोल आले आहे ते समजावे.

या प्रमाणपत्रावर वेचणाऱ्या बाईचे नाव कुठेच नसते.

मुळशीला हे नवे नाही. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार होती, जमीन मावळ्यांची बुडणार होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास करून दाखवले आहे की जमिनी कागदोपत्री ज्यांच्या नावावर होत्या अशा पुण्याच्या सावकारांनी मोबदल्याची बोलणी केली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याच्या हाती काय आले? ज्याचे नाव कागदावर त्याला पैसा, हा धडा या मातीला शंभर वर्षांपूर्वी मिळाला आहे. प्लास्टिकच्या बाबतीत तो पुन्हा गिरवायची गरज नाही.

चीवराचे शेवटी काय होते?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदयन भदंत आनंदांना विचारतो, एवढी चीवरे मिळाली, त्यांचे तुम्ही काय करणार? आनंद सांगतात, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. जुन्या चीवरांचे काय? पांघरूण-चादरी करू. त्या जुन्या झाल्या की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. आणि अगदी चिंध्या झाल्या की मातीत कालवून जमीन सारवू. राजाला समाधान वाटले.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजच्या कायद्याच्या भाषेत ‘प्राधान्यक्रम’ म्हणून येते. आधी वापर कमी, मग पुनर्वापर, मग पुनर्प्रक्रिया. २०२२ चे नियमही सांगतात की ज्या प्लास्टिकची पुनर्प्रक्रिया होऊच शकत नाही, तेवढेच रस्त्यात, सिमेंटच्या भट्टीत, वीज किंवा तेल करण्यासाठी जावे. तेल म्हणजे चिंध्या मातीत कालवण्याची पायरी. आपण मात्र नवे चीवरच थेट मातीत कालवू पाहतो आहोत. शिवाय सारवलेली जमीन तरी टिकते. तेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पुढच्या पिशवीसाठी पुन्हा खनिज तेल उपसावे लागते. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी जेमतेम ९ टक्क्यांची पुनर्प्रक्रिया झाली, असा २०१७ च्या एका बहुचर्चित अभ्यासाचा निष्कर्ष आहे. नळ चालूच ठेवून फरशी पुसण्याने हा प्रश्न सुटत नाही. नळ बंद करण्याची जबाबदारी ज्या कंपन्यांची आहे, त्यांना ‘शेवटी तेल होतेच की’ हे उत्तर फार सोयीचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एक्सॉनमोबिल या बड्या तेल कंपनीवर याच मुद्द्यावरून खटला भरला. पुनर्प्रक्रियेची आशा दाखवून कंपनीने लोकांची दिशाभूल केली, असा त्यांचा आरोप आहे.

उरवडे विसरून चालणार नाही

७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवडे इथे पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत आग लागली. प्लास्टिकच्या पॅकिंग साहित्याने पेट घेतला आणि आग पसरली, अशी माहिती त्या वेळी पुढे आली. सतरा कामगार गेले. त्यांत बहुतेक महिला होत्या, आसपासच्या गावांत राहणाऱ्या, रोजंदारीच्या पगारावर घर चालवणाऱ्या.

प्लास्टिकच्या भट्टीत तर गरम वाफ, ज्वालाग्राही वायू आणि लवकर पेट घेणारे तेल एकाच छपराखाली असते. तेलात बेंझिनसारखे कर्करोगकारक पदार्थ असू शकतात, म्हणून ते घरच्या स्टोव्हमध्ये वापरायला देऊ नये. पालघरच्या वाडा तालुक्यात टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यांचा धूर आणि अपघात आदिवासी गावांनी सोसले आहेत. चांगली, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेली, गळती मोजणारी भट्टी आणि पत्र्याच्या शेडमधली जुगाडू भट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हिडिओत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

मग काय करायचे?

प्लास्टिक नियम २०१६ पासून ग्रामपंचायतींनाही लागू आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये प्रत्येक तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. म्हणजे सुरुवात भट्टीने करायची गरज नाही. सुरुवात निवड केंद्राने करता येते. मुळशीसाठी आमचे म्हणणे असे आहे:

१. तालुक्याचे निवड केंद्र कचरा वेचणाऱ्या महिलांच्या सहकारी संस्थेकडे किंवा बचतगटाकडे द्यावे. प्लास्टिकची मालकी त्यांची, भट्टीवाला हा फक्त गिऱ्हाईक.

२. पुनर्प्रक्रिया होऊ शकणारा माल आधी भंगार बाजारात जावा. पातळ, भाव नसलेल्या पिशव्या तेवढ्या भट्टीला. पीव्हीसी अजिबात नाही.

३. कंपनीशी करार करताना ‘सर्व प्लास्टिक’ हा शब्द नको. किलोमागे किमान दर लिहिलेला असावा आणि प्रमाणपत्राच्या रकमेतला वाटा निवड करणाऱ्या संस्थेला मिळावा.

४. ओळखपत्र, हातमोजे, धनुर्वाताची लस, आरोग्य विमा, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांशिवाय केंद्र सुरू होऊ नये.

५. भट्टी येणारच असेल तर वस्तीपासून दूर, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने, आगीच्या तपासणीसह यावी. तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

यातले एक काम आपल्या हातातले आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १ जानेवारी, ६ डिसेंबर या दिवशी आपल्या मंडळांचे पाणीवाटप आणि भोजनदान मोठ्या श्रद्धेने होते. तिथे पाण्याचे पाउच आणि थर्माकोलच्या प्लेटऐवजी पिंप, स्टीलचे पेले आणि ताटे ठेवली, तर दुसऱ्या दिवशी मैदान झाडायला येणाऱ्या आपल्याच बहिणीचे ओझे कमी होईल. दानाचे पुण्य एकाला आणि त्याची घाण दुसऱ्याला, हे धम्माच्या हिशेबात बसत नाही.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. मुळशीत, मावळात, हवेलीत, जिथे जिथे ‘प्लास्टिकपासून तेल’ हा विषय पत्रिकेवर येईल, तिथे आपल्या वस्तीतल्या किमान दहा जणांनी, त्यातही बायांनी, हजर राहावे. भट्टीचे तापमान, उत्प्रेरकाचे नाव हे प्रश्न जरूर विचारावेत. पण पहिला प्रश्न हाच असावा: निवडणार कोण, किलोला किती रुपयांनी, आणि करारावर सही कोणाची?